आईच्या नावावरचे पैसे आईच्या देखभालीसाठी: स्मृतिभ्रंश झालेल्या पालकांचे पालकत्व न्यायालयाकडून कसे मिळवावे

स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, झालेल्या आईला किंवा वडिलांना निवासी देखभाल केंद्रात ठेवायचे ठरले की खर्चाचा हिशेब सुरू होतो. बऱ्याच घरांत अडचण पैसे नसण्याची नसतेच. पेन्शन जमा होत असते, मुदत ठेवी असतात, एखादी सदनिका कुलूप लावून पडलेली असते. पण हे सगळे ज्यांच्या नावावर आहे त्यांना आपण कशावर सही करतोय हे कळेनासे झालेले असते. आणि आई-वडील सज्ञान असल्याने मुलगा किंवा मुलगी आपोआप त्यांचे कायदेशीर पालक (त्यांच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती) ठरत नाहीत, भले गेली दहा वर्षे तेच सगळे पाहत असोत.

बाहेरून फारशी मदत मिळत नाही. आरोग्य विमा रुग्णालयातल्या उपचारांसाठी असतो, केंद्राच्या मासिक शुल्कासाठी नाही. 70 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या सर्वांना मिळणारे आयुष्मान वय वंदना कार्ड वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, तेही रुग्णालयातच. केंद्र सरकारच्या अटल वयो अभ्युदय योजनेत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीची निवासी केंद्रे चालवणाऱ्या संस्थांना अनुदान आहे, पण ते संस्थेला मिळते, कुटुंबाच्या हातात येत नाही. ज्येष्ठांसाठीच्या 14567 या हेल्पलाइनवर जवळपासच्या केंद्रांची चौकशी करता येते. बाकी खर्च शेवटी आई-वडिलांच्या स्वतःच्या पैशांतून किंवा मुलांच्या खिशातून होतो.

ज्यावर लोक विसंबून राहतात

नॉमिनी म्हणून आपले नाव आहे, एवढ्यावर अनेकजण निर्धास्त असतात. नॉमिनीचा हक्क खातेदाराच्या मृत्यूनंतर सुरू होतो. खातेदार हयात असताना त्याला बँकेत काहीही अधिकार नाही.

दुसरा भरवसा कुलमुखत्यारपत्राचा (पॉवर ऑफ ॲटर्नी). इथे मोठी चूक होते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 201 नुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की ते मुखत्यारपत्र संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी ते करून ठेवले होते नेमक्या त्याच दिवशी ते निरुपयोगी होते. काही देशांत अशा स्थितीतही चालू राहणारे मुखत्यारपत्र असते, आपल्या कायद्यात तशी सोय नाही. नोंदणीकृत असले तरी फरक पडत नाही.

तिसरा मार्ग कोणी उघड बोलत नाही, पण घरोघरी चालतो: आईचा मोबाइल जवळ ठेवायचा, ओटीपी आला की व्यवहार करायचा. हेतू चांगला असतो, पैसे आईवरच खर्च होतात. पण एखाद्या भावंडाने हिशेब मागितला किंवा बँकेने प्रत्यक्ष सही मागितली की पायाखाली काहीच नसते. ठेव मोठी असेल किंवा घर भाड्याने द्यायचे असेल तर हा मार्ग लगेच संपतो.

अंगठा आणि दोन साक्षीदार घेऊन पैसे काढण्याची बँकांतली सोय खरी आहे. मात्र ती शरीराने थकलेल्या, पण काय चालले आहे हे समजणाऱ्या खातेदारासाठी आहे. मतिभ्रम झालेल्या माणसाचा अंगठा घेणे हा तिचा उपयोग नव्हे.

आजार सुरुवातीचा असेल तर

निदान झाले म्हणजे त्या दिवसापासून सही रद्द, असे नाही. करार कायद्याच्या कलम 12 प्रमाणे करार करताना माणसाला तो समजत असेल आणि त्याचा आपल्यावर काय परिणाम होईल हे ठरवता येत असेल तर तो करार करू शकतो. म्हणून पहिल्या काही महिन्यांत खाते आणि ठेवी ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ या पद्धतीने संयुक्त करून घ्याव्यात. सही करताना समज शाबूत होती, असे त्याच सुमाराचे डॉक्टरांचे पत्र जवळ असलेले बरे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 खाली उपचारांसाठी नामनिर्देशित प्रतिनिधीही नेमता येतो. त्याचा अधिकार उपचारांपुरता, पैशांना तो लागू नाही.

ही संधी गेली असेल तर पुढचा मार्ग न्यायालयाचा.

उच्च न्यायालयच का?

1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयात चौकशी करून व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. 2017 चा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला, जुना रद्द झाला आणि ती तरतूदही गेली; नव्यात तिच्या जागी काही आले नाही. 1890 चा पालक आणि पाल्य कायदा अल्पवयीनांसाठी आहे. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरता. दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या कलम 14 मध्ये मर्यादित पालकत्व आहे, पण त्याची कल्पना पालक आणि दिव्यांग व्यक्ती या दोघांनी मिळून निर्णय घेण्याची आहे. आजार पुढे गेलेला असेल तर ‘मिळून’ घेणार कसे?

या पोकळीत उच्च न्यायालये राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली, ज्याला कोणी नाही त्याचे पालक न्यायालय या तत्त्वावर, पालक नेमत आली आहेत. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये कोमातील रुग्णांसाठी याची तपशीलवार पद्धत घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये कोमातील पतीसाठी पत्नीला पालक नेमले आणि पुढे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीही हाच मार्ग वापरला गेला. खालची माहिती याच पद्धतीवर आधारलेली आहे.

अर्ज कोण करू शकतो

पती, पत्नी किंवा मुले. तशी जवळची व्यक्ती नसेल तर इतर नातेवाईकाचा विचार होतो, पण न्यायालय जास्त खोलात जाते. अर्जदार स्वतः सज्ञान व सक्षम हवा आणि रुग्णाशी त्याचा मालमत्तेचा वाद नसावा. बाकीच्या सर्व कायदेशीर वारसांना कळवणे आवश्यक. त्यांची लेखी संमती असेल तर काम सुकर होते, नसेल तर त्यांना प्रतिवादी करावे लागते. परदेशी असलेल्या भावंडाची संमती तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मागवा. याला वेळ लागतो, म्हणून सुरुवात इथूनच करावी.

कागदपत्रे

ओळख आणि नाते दाखवणारी कागदपत्रे (आधार, पॅन, शिधापत्रिका, जन्मदाखला) सगळ्यांकडे असतात. खरे वजन पुढच्या तीन गोष्टींना आहे.

पहिली, वैद्यकीय पुरावा. ‘स्मृतिभ्रंश आहे’ एवढ्या एका ओळीच्या दाखल्याने भागत नाही. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञाच्या प्रमाणपत्रात निदान, ते केव्हा झाले, स्मरणचाचणीचे गुण, आजार उलटणारा नाही हे मत, आणि विशेषतः ‘रुग्ण स्वतःचे आर्थिक व्यवहार समजून करू शकत नाही’ असे स्पष्ट वाक्य हवे. सोबत एमआरआय अहवाल आणि जुने केसपेपर.

दुसरी, मालमत्तेची संपूर्ण यादी: बँक खाती शाखेसह, ठेवींच्या पावत्या, पेन्शनचा आदेश, पोस्टातील योजना, म्युच्युअल फंड, लॉकर, घराचा करारनामा, सोसायटीचे भागप्रमाणपत्र, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. कर्ज असेल तर तेही. यादीत जे नाही त्यावर आदेश चालत नाही, आणि एखादी ठेव राहून गेली तर बँक पुन्हा न्यायालयाकडेच बोट दाखवते.

तिसरी, खर्चाचा तक्ता. बहुतेकजण हा जोडत नाहीत, पण माझ्या मते याचिकेतला सर्वांत उपयोगी कागद हाच. केंद्राचे दरपत्रक घ्या आणि अनामत रक्कम, मासिक शुल्क, स्वतंत्र मदतनीस, डायपर, औषधे, डॉक्टरांच्या भेटी, रुग्णवाहिका असे वेगळे लिहून काढा. एका बाजूला दरमहा येणारे पैसे, दुसऱ्या बाजूला हा खर्च. पैसे का हवेत हे न्यायमूर्तींना एका पानात दिसले पाहिजे.

याचिकेत काय मागायचे

‘मला पालक नेमावे’ एवढेच मागून थांबू नका. बँकेतला अधिकारी आदेशातले शब्द वाचतो, आशय नव्हे. म्हणून प्रत्येक गोष्ट वेगळी मागा: अमुक क्रमांकाची खाती चालवणे, ठेवी मुदतीपूर्वी मोडणे व नूतनीकरण करणे, पेन्शन काढणे, घर भाड्याने देणे, आयकर विवरणपत्र भरणे, देखभाल केंद्राच्या करारावर आणि उपचारांच्या संमतीवर सही करणे. केंद्राचे शुल्क वाढते, तेव्हा ठरावीक आकड्याऐवजी ‘प्रत्यक्ष बिलाप्रमाणे’ असे मागावे. घर विकण्याचा अधिकार सहसा सरसकट मिळत नाही. गरज पडेल तेव्हा स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते.

याचिका वकिलामार्फत रिट याचिका म्हणून दाखल होते. राज्य सरकार प्रतिवादी असते, संबंधित बँकांनाही करावे. त्यानंतर न्यायालय सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करवते आणि तहसीलदार किंवा त्याहून वरच्या महसूल अधिकाऱ्याकडून घरची परिस्थिती व मालमत्तेचा अहवाल मागवू शकते. रुग्णाला प्रवास झेपत नसेल तर मंडळाने घरी किंवा केंद्रात येऊन तपासावे, अशी विनंती पहिल्याच तारखेला करा. मध्यंतरी केंद्राची बिले थांबत नाहीत, त्यासाठी ठरावीक रक्कम काढू देण्याचा अंतरिम आदेश मागता येतो.

वकिलाची फी झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 खाली मोफत वकील मिळतो. स्त्रियांना यात उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे अर्जदार मुलगी असेल तर तिने जरूर चौकशी करावी.

आदेशानंतर

आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन प्रत्येक बँकेत पालक म्हणून केवायसी करावे लागते. आई-वडिलांचे पैसे स्वतःच्या खात्यात वळवू नका; केंद्राचे शुल्क त्यांच्याच खात्यातून थेट भरा. केरळच्या पद्धतीत दर सहा महिन्यांनी हिशेब न्यायालयाच्या निबंधकांकडे द्यायचा असतो, मुंबईत देखरेखीचे काम विधी सेवा प्राधिकरणाकडे सोपवले गेले आहे. तुमच्या आदेशात जे असेल ते पाळा आणि पावती नसलेला खर्च शक्यतो करू नका. गैरव्यवहार आढळला तर नेमणूक रद्द होते.

आई-वडिलांचे पैसे पुरत नसतील आणि एखादे भावंड हात वर करत असेल, तर ज्येष्ठ नागरिक कायदा, 2007 खाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात निर्वाहभत्त्याचा अर्ज करता येतो. कायद्यातली कमाल रक्कम महिना 10,000 रुपये आहे, म्हणजे केंद्राचे शुल्क त्यातून निघणार नाही. पण निकाल नोटिशीपासून 90 दिवसांत द्यायचा असतो, अपवादात्मक परिस्थितीत आणखी 30.

खर्च मुलांनीच केला असेल तर आयकराच्या जुन्या करप्रणालीत 80डीडीबी म्हणून ओळखली जाणारी वजावट पाहावी. तिच्या आजारांच्या यादीत स्मृतिभ्रंश नावानिशी आहे. रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर मर्यादा 1 लाख रुपये, अट 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाची आणि मेंदूविकारतज्ज्ञाच्या लेखी शिफारशीची. ही वजावट उपचारांच्या खर्चावर आहे, राहण्या-जेवण्यावर नाही. म्हणून केंद्राकडून औषधोपचारांचे बिल वेगळे मागून घ्या.

आई किंवा वडिलांचे निधन झाले की पालकत्व त्याच क्षणी संपते. त्यानंतर आदेश दाखवून एक रुपयाही काढता येत नाही. केंद्राचे शेवटचे बिल बाकी असेल तर ते आधी स्वतः भरावे, कारण खात्यातली शिल्लक आता नॉमिनी आणि वारसांच्या प्रक्रियेतूनच बाहेर येते.