'गोपनीय आहे' आणि 'बंद पाकिटात देतो'

संभाजीनगरच्या खंडपीठात तारखेला गेलेल्या पक्षकाराच्या कानावर सरकारी बाजूची दोन वाक्यं पडू शकतात. एक, 'कागद गोपनीय आहे, देता येत नाही.' दुसरं, 'कोर्टाला बंद पाकिटात देतो.' बाहेर टपरीवर दोन्हींचा अर्थ एकच: सरकार लपवतंय. खरं तर दुसरं वाक्य जास्त महागात पडतं.

समजा, लातूरकडच्या एकाचा शस्त्रपरवाना गुप्त अहवालावरून नाकारला. सरकारने विशेषाधिकार, म्हणजे गोपनीय कागद न दाखवण्याची मुभा, मागितला (जुन्या पुरावा कायद्याचं कलम १२३, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १२९) आणि कोर्टाने तो मानला, तर अहवाल केसमधूनच बाद. तो जसा तुमच्या हाती नाही, तसा सरकारच्याही कामाचा नाही. फाईलवर नुसता 'गोपनीय' शिक्का मारून हा अधिकार मिळत नाही. वरिष्ठांना कारणांसह शपथपत्र घालावं लागतं. समन्स निघालं की हरकत असली तरी फाईल कोर्टात आणायची. हरकत खरी की खोटी ते न्यायाधीश बघतील. राजनारायण यांनी इंदिरा गांधींविरुद्धच्या निवडणूक खटल्यात पंतप्रधानांच्या सुरक्षेचं 'ब्लू बुक' मागितलं, तेव्हा १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा शब्द कोर्टाचाच, हे स्पष्ट केलं. (मंत्री आणि राष्ट्रपतींमधला पत्रव्यवहार मात्र नव्या कायद्याने कोर्टाला मागवताच येत नाही.) आणि छापून आलेल्या कागदाला हे कुलूप लागत नाही; राफेल विमानखरेदीच्या कागदांबाबत २०१९ साली तेच झालं.

बंद पाकिटाचं उलटं. तोच अहवाल न्यायाधीश वाचतात, त्यावर निकाल देतात, आणि लातूरच्या गड्याला आपण कशाचं उत्तर द्यायचं हेच ठाऊक नसतं. मीडियावन या मल्याळी वृत्तवाहिनीला सुरक्षा मंजुरी नाकारली, कारणं गृहखात्याच्या पाकिटात. केरळ उच्च न्यायालयाने ती वाचून सरकारची बाजू उचलून धरली. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: 'राष्ट्रीय सुरक्षा' म्हटलं की नैसर्गिक न्याय (समोरच्याला आपली बाजू मांडू देणं) गुंडाळून ठेवता येत नाही. पाकिटापेक्षा विशेषाधिकाराची वाट कमी घातक, असंही सांगितलं. नाजूक मजकूर झाकून बाकीचा द्यावा, नाहीतर गोषवारा द्यावा.

तेव्हा तुमच्या केसमध्ये पाकीट पुढे सरकलं, तर वकीलसाहेबांना तिथल्या तिथे उठायला सांगा: 'कागद आम्हाला दाखवा, नाहीतर विशेषाधिकाराचा रीतसर अर्ज करा.'