देवघेवीचे शहर आणि ई-रीडर

ई-रीडर, म्हणजे केवळ पुस्तके वाचण्यासाठी केलेले पडद्याचे यंत्र, घ्यावा की नाही, असा विषय नाशिकच्या वाचकांमध्ये निघाला की बोलणे लगेच डोळ्यांवर, बॅटरीवर आणि किमतीवर येते. त्या शंकांची उत्तरे तशी सोपी आहेत. मराठी वाचकाचे घोडे अडते ते दुसऱ्या दोन ठिकाणी. आपली अक्षरे त्या पडद्यापर्यंत नीट पोचली का, आणि वाचून झालेले पुस्तक दुसऱ्याच्या हातात देता येते का? पहिले काम बरेचसे मार्गी लागले आहे. दुसरे लागलेले नाही, आणि आपल्या गावात तेच जास्त बोचते.

कारण नाशिकचे वाचन वाढले ते देवघेवीवर. कंपनी सरकारच्या काळात रत्नागिरीला १८२८ मध्ये, नगरला १८३८ मध्ये आणि नाशिकला १८४० मध्ये ग्रंथालय सुरू झाले. पुण्याचे त्यानंतरचे, १८४८ चे. नाशिकचे ते ग्रंथालय म्हणजे आजचे सार्वजनिक वाचनालय, सगळ्यांच्या तोंडी ‘सावाना’. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला, म्हणजे तोवर या संस्थेला सव्वाशे वर्षे होऊन गेली होती. पुस्तक विकत घेणे परवडत नसलेल्या कितीतरी घरांत वाचनाची सवय लागली ती अशा वाचनालयांमुळे. त्यातले एखादे जुने पुस्तक उघडून पाहावे. आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांचे शिक्के एकाखाली एक पडलेले असतात. कुठे दोन शिक्क्यांत पंधरा दिवसांचे अंतर, कुठे दोन-तीन वर्षांचे. मध्येच समासात कुणीतरी छपाईतली चूक पेन्सिलीने सुधारलेली असते. पुस्तक किती हातांतून गेले याची ही नोंद पुस्तकातच राहते.

ही परंपरा जुन्या काळातच थांबली असेही नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. पुस्तकांनी भरलेली पेटी एखाद्या सोसायटीत किंवा कार्यालयात ठेवायची, तिथल्या वाचकांनी ती आपापसात वाचायची आणि मग पेटी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची, अशी ही साधी योजना. नाशिकमधून निघालेल्या पेट्या दुबईपर्यंत गेल्या. दोन वर्षे आधी, नोव्हेंबर २००७ मध्ये, अमेरिकेत ॲमेझॉन कंपनीचा ई-रीडर, पहिले किंडल, ३९९ डॉलरला विक्रीला आले होते. एका बाजूला अख्ख्या सोसायटीत फिरणारी पेटी, दुसऱ्या बाजूला एका माणसाच्या खात्याला बांधलेली लायब्ररी. त्या दोन-तीन वर्षांत दोन वेगळ्या वाटा फुटल्या असे मला वाटते.

ई-पुस्तकाची सुरुवात मात्र विक्रीतून झालेली नाही. १९७१ मध्ये मायकेल हार्ट या अमेरिकन विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या संगणकावर एक मजकूर स्वतः टंकून सगळ्यांसाठी खुला केला. तोच ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’चा आरंभ. वाटून वाचण्याचाच तो विचार होता. अडचण होती ती पडद्याची. प्रकाश थेट डोळ्यात सोडणाऱ्या पडद्यावर कादंबरी वाचणे कुणाला मानवेना. १९९८ च्या सुमारास आलेली ‘रॉकेट ई-बुक’सारखी यंत्रेही फार टिकली नाहीत.

उत्तर सापडले ते अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये. जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९७ मध्ये ई-इंक कंपनी काढली. त्यांच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या, त्यांत पारदर्शक द्रव आणि पांढरे व काळे कण. दोन्हींचा विद्युतभार विरुद्ध. खालून दिलेल्या विजेनुसार पांढरे वर येतात किंवा काळे. एकदा वर आलेले कण वीज बंद केली तरी तिथेच राहतात, म्हणून वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना. बॅटरी आठवडेच्या आठवडे का पुरते याचे रहस्य एवढेच. शिवाय हा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडात दिसतो. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, भर उन्हात मोबाईल वाचता येत नाही, ई-रीडर वाचता येतो.

हा पडदा वापरून विक्रीला आलेला पहिला ई-रीडर सोनीचा ‘लिब्रिए’, २००४ मध्ये, जपानात. त्यासाठी घेतलेली पुस्तके साठ दिवसांनी बंद पडत. यंत्र उत्तम आणि पुस्तक भाड्याचे, ही कुरबुर तेव्हापासूनची. पुढे जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने, हक्क नसलेल्या विक्रेत्याने विकलेली काही पुस्तके, ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली. पैसे परत दिले, माफीही मागितली. पण आपल्या कपाटातले पुस्तक दुकानदार रात्रीतून नेऊ शकतो हे लोकांना त्या दिवशी कळले. फेब्रुवारी २०२५ मध्ये विकत घेतलेली किंडल पुस्तके संगणकावर उतरवून घेण्याची सोयही कंपनीने बंद केली. आपण विकत घेतो तो वाचण्याचा परवाना असतो, पुस्तक नव्हे, हे ई-रीडर घेणाऱ्याने आधीच मनाशी पक्के करावे.

आता अक्षरांकडे येऊ. मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वांत दुर्लक्षित भाग वाटतो.

शिशाचे खिळे जुळवण्याच्या काळात काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून शेकडो घरांची पेटी जुळाऱ्यापुढे असे. मग डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आले आणि ते कष्ट संपले, पण नवे दुखणे मागे लागले. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँट-प्रणालींची सांकेतिक व्यवस्था प्रत्येकाची आपली आपली होती. पडद्यावर मराठी दिसे, फाइलच्या पोटात मात्र रोमन अक्षरांच्या जागा भरलेल्या असत. फाँट काढला की पानभर अगम्य चिन्हे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतव्यवस्थेत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण प्रकाशकांची सारी मांडणी पेजमेकरमध्ये आणि या जुन्या फाँटमध्ये चालत राहिली. मराठीला रोज लागणारा ‘ॲ’ स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला तो थेट २००८ मध्ये.

कागदावर छापायचे तेव्हा याने काही बिघडत नव्हते. ई-पुस्तक करायला घेतले की सगळे उघडे पडते. फाइल कन्व्हर्टरमधून काढली तर रफार भलत्या अक्षरावर जातो, जोडाक्षरे फुटतात, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन निरनिराळ्या प्रकारे नोंदला जातो आणि एका प्रकाराने शोधले की दुसरा सापडत नाही. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून मुद्रितशोधन आले, आणि पाचशे-हजार प्रतींच्या आवृत्तीवर चालणाऱ्या प्रकाशकाला तो खर्च झेपत नाही. वाचनयंत्राची बाजूही लंगडी होती. देवनागरीची मांडणी न जाणणारे यंत्र वेलांटी टंकल्या क्रमाने, म्हणजे अक्षराच्या नंतर दाखवते. मग ‘नाशिक’चे पडद्यावर ‘नाशकि’ होते. पहिल्या किंडलचा पडदा एका इंचात १६७ ठिपक्यांचा होता. रोमन लिपीला तो पुरला, आपल्या जोडाक्षरांच्या पोटातल्या बारीक रेषा आणि डोक्यावरचे अनुस्वार त्यात गिचमिड होत. तीनशे ठिपक्यांचे पडदे २०१४ पासून आले तेव्हा मराठी पान छापल्यासारखे दिसू लागले.

डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनने मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके किंडलवर आणली. त्यानंतर सरकारनेही एक गाठ थोडी सैल केली: छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आणि ई-पुस्तकावर १८ टक्के असा प्रकार होता, जुलै २०१८ मध्ये, छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांसाठी तो ५ टक्के झाला. एकच मजकूर कागदावर करमुक्त आणि पडद्यावर करपात्र, हे मला आजही पटत नाही.

राहता राहिली देवघेव. अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालयातून किंडलवर पुस्तक उसने घेण्याची सोय २०११ मध्ये झाली. ती भारतात आलेली नाही. आपल्याकडे दरमहा वर्गणीची योजना आहे, पण तिथे कोणती पुस्तके असावीत हे वाचकाच्या हातात नसते. वाचनालयात काय घ्यायचे हे ग्रंथपालाला चिठ्ठी देऊन सुचवता येते, कार्यकारिणीकडे भांडता येते. हा हक्क मला फार मोलाचा वाटतो, आणि तो सोडू नये म्हणून मी ई-रीडर असूनही वाचनालयाची वर्गणी भरतो.

म्हणून विचारणाऱ्याला मी आधी त्याच्या वाचनाची यादी विचारतो. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबई गाठणारा, येता-जाता सात तास बसून इंग्रजी वाचणारा पासधारक असेल, तर त्याने खुशाल घ्यावा. मोतीबिंदूनंतर बारीक टाइप वाचता न येणाऱ्या आजी-आजोबांसाठी तर नक्की घ्यावा. अक्षर हवे तेवढे मोठे करता येणे ही त्यांच्यासाठी चैन नव्हे. मात्र सगळा भर जुन्या मराठी पुस्तकांवर असेल तर सहा इंचांचा पडदा घेऊ नये. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी मुक्त झालेले मराठी साहित्य आणि साहित्य संस्कृती मंडळाने फुकट उपलब्ध केलेली पुस्तके बहुतांशी पीडीएफ आहेत, म्हणजे पानांची चित्रे किंवा बांधीव पाने. ती लहान पडद्यावर मावत नाहीत आणि अक्षर वाढवले की ओळ बाहेर जाते. त्यासाठी दहा इंचांचा पडदा लागतो, आणि तेवढे पैसे घालण्याआधी यादीतली पुस्तके वाचनालयाच्या कपाटात आहेत का, ते पाहून यावे.