रक्त पातळ करायची गोळी चालू आहे? मग हे वाचून घ्या

खानापूर, नंदगड, जांबोटी, कणकुंबी या भागातून आमच्या मेडिकलला येणाऱ्या सगळ्या काका, मावशी, अण्णा, आक्कांसाठी हा कागद काढलाय. हार्टचं ऑपरेशन किंवा अँजिओप्लास्टी करून माणूस बेळगावहून घरी येतो तेव्हा डिस्चार्ज कार्ड असतं इंग्रजीत, समजावणारी सिस्टर बोलते कन्नडात, आपले आजोबा नुसती मान हलवतात आणि घरी आल्यावर कुणालाच नक्की माहीत नसतं की कुठली गोळी किती दिवस घ्यायची. मग आम्हाला विचारतात, ते पण स्ट्रिप संपल्यावर. म्हणून म्हटलं एकदा नीट मराठीत लिहूनच देऊया.

आधी एक गोष्ट. रक्त पातळ करायची गोळी असं आपण सगळेच म्हणतो, आम्ही पण म्हणतो, पण खरं बघायला गेलं तर रक्त पाण्यासारखं पातळ वगैरे काही होत नाही. रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात, कुठं कापलं की ते एकमेकांना चिकटून गुठळी धरतात आणि रक्त थांबतं. हीच गुठळी हार्टच्या नळीत धरली तर अटॅक, मेंदूच्या नळीत धरली तर लकवा. या गोळ्या त्या कणांचा चिकटपणा कमी करतात, एवढंच काम. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात तसं या गोळीनं होईल का असं खूप जण विचारतात, तर आकडा सहसा कमी होत नाही, फक्त चिकटणं कमी होतं.

नेहमी दिसणारी नावं म्हणजे ॲस्पिरिन (75 किंवा 150 मिलिग्रॅम), क्लोपिडोग्रेल 75, टिकाग्रेलॉर 90 आणि प्रासुग्रेल. वॉरफेरिन किंवा असिट्रोम चालू असेल तर ती वेगळ्या जातीची गोळी, तिला आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची, रक्ततपासणी लागते आणि पालेभाजीचा हिशेब सांभाळावा लागतो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलला तसलं काही नाही, मेथी-पालक खुशाल खावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे आम्ही हात जोडून सांगतोय. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. स्टेंट म्हणजे अँजिओप्लास्टीत हार्टच्या नळीत बसवलेली धातूची जाळी, तिच्यावर आतून आपलीच कातडी धरायला काही महिने लागतात, तोवर उघड्या धातूवर गुठळी धरायचा धोका राहतो म्हणून डॉक्टर दोन-दोन गोळ्या एकत्र देतात. अटॅक येऊन स्टेंट बसवला असेल तर साधारण वर्षभर, काही जणांना कमी काही जणांना जास्त, ते तुमचे डॉक्टरच ठरवणार, आणि पुढं एक गोळी बहुतेक जणांना कायमची. बरं वाटतंय म्हणून, पैसे संपले म्हणून, पाहुण्यानं सांगितलं म्हणून मधेच सोडली तर स्टेंट एका दिवसात बंद पडू शकतो. पैशाची अडचण असेल तर लाज न बाळगता सांगा, त्याच कंटेंटची स्वस्त गोळी मिळते, जनऔषधी केंद्रात पण मिळते, पण खंड नको.

दात काढायचाय, मोतीबिंदू करायचाय, तेव्हा पण हेच. दाताला बहुतेक वेळा गोळी थांबवायची गरजच पडत नाही, दंतवैद्याला फक्त आधी सांगून ठेवा. मोठ्या ऑपरेशनला काही गोळ्या 5 ते 7 दिवस आधी थांबवतात कारण प्लेटलेटचं आयुष्यच 7 ते 10 दिवसांचं आणि गोळीचा असर लगेच उतरत नाही, पण ते हार्टच्या डॉक्टरांनी सांगायचं, आपण नाही आणि आम्ही पण नाही.

मागच्या पावसाळ्यात एक काका बिस्किटाच्या डब्यात सगळ्या गोळ्या घेऊन आले. दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग, म्हणाले कुठं आपटलो पण नाही हो. डबा काउंटरवर उपडा केला आणि एकेक स्ट्रिप उलटी करून बघितली. एक बेळगावच्या डॉक्टरांची, एक नंतर कोल्हापूरला दाखवलं तिथली, नावं वेगळी, रंग वेगळे, पण मागं बारीक अक्षरात दोन्हीवर क्लोपिडोग्रेल 75. त्यात एकीत ॲस्पिरिन मिसळलेलं आणि शिवाय सुटी ॲस्पिरिन पण चालूच! काका बिचारे सांगितल्याप्रमाणं सगळं इमानदारीनं घेत होते, त्यांची काही चूक नाही. तिथनंच डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं तसं दुरुस्त केलं. तेव्हापासून आम्ही सगळ्यांना सांगतो, दुसऱ्या डॉक्टरकडं जाताना चिठ्ठी नव्हे तर गोळ्यांचा डबाच न्या, आणि ब्रँडचं नाव सोडा, खाली लिहिलेलं कंटेंट वाचा. कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलची गोळी तिन्ही एकत्र असतात तेव्हा हा घोटाळा हमखास होतो.

दुसरा घोटाळा दुखण्याच्या गोळ्यांचा. भात कापणी झाली की गुडघे-कंबर धरतात आणि लोक येऊन डायक्लोफेनॅक नाहीतर कॉम्बिफ्लाम मागतात. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असतं, ते ॲस्पिरिनच्या कामात आडवं येतं आणि दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव करू शकतात. किराणा दुकानात डोकेदुखीला डिस्प्रिन मिळते ती तर ॲस्पिरिनच, एका गोळीत 75 च्या चार गोळ्यांपेक्षा जास्त. साधं दुखणं, ताप असेल तर पॅरासिटामॉल घ्या, आणि आमच्याकडं गोळी मागताना पहिलं वाक्य हेच बोला की माझी हार्टची गोळी चालू आहे. गॅसच्या गोळीचं पण तसंच, क्लोपिडोग्रेल चालू असताना ओमिप्राझोल आणि इसोमिप्राझोल नको, त्यानं क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो. पँटोप्राझोल चालतं, तरी एकदा विचारून घ्या.

ॲस्पिरिन जेवल्यावर घ्या, कोटिंगची असेल तर चुरडू नका, चावू नका. एकादशी असो, नवरात्राचे नऊ दिवस असोत, गोळीचा उपवास नसतो, फराळ करून घ्यायची. वारीला, सौंदत्तीच्या यल्लम्माला जाताना दोन दिवस जास्तीच्या गोळ्या खिशात, बॅगेत नव्हे, बॅग एसटीत वर राहते. एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, दोन एकदम नको. टिकाग्रेलॉर दिवसातनं दोनदा असते, संध्याकाळची विसरतात लोक. तिनं काही जणांना थोडा दम लागल्यासारखं होतं, ते डॉक्टरांना सांगा पण गोळी सोडू नका.

विळा-कोयता लागला तर रक्त थांबायला वेळ लागणारच, घाबरू नका. स्वच्छ कापड घट्ट दाबून 10 मिनिटं धरा, मधे उघडून बघू नका. दात घासताना थोडं रक्त, अंगावर छोटे डाग, हे चालतं, पुढच्या भेटीत सांगा. पण संडास डांबरासारखी काळी, उलटीत किंवा लघवीत रक्त, न थांबणारा घोळणा, असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना. गाडीवरनं पडून डोक्याला मार लागला तर वरनं काही दिसत नसलं तरी जायचं, आत रक्त साकळू शकतं.

छातीत दुखून घाम फुटला, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडी वळली की 108 लावा. लकव्याच्या वेळी घरची माणसं घाईनं ॲस्पिरिन देतात, ती देऊ नका, कारण काही लकवे मेंदूत रक्तस्राव होऊन येतात आणि सीटी स्कॅनशिवाय कुणालाच ओळखता येत नाही.

आणि ज्यांना हार्टचा, लकव्याचा त्रास कधी झालाच नाही त्यांनी शेजारी घेतोय म्हणून ॲस्पिरिन सुरू करू नका. 2018 साली मोठे अभ्यास बाहेर आले, त्यात धडधाकट म्हाताऱ्यांना अशा ॲस्पिरिनचा फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. पोरांना तापात ॲस्पिरिन कधीच नको, डेंग्यूचा संशय असला तर मोठ्यांनी पण दुखण्याची गोळी न विचारता घेऊ नये, आणि हार्टची ॲस्पिरिन आधीपासून चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

जून लागला की कणकुंबी-जांबोटीकडची वाट कधी बंद होईल सांगता येत नाही, तर शेवटची स्ट्रिप निम्मी झाली की फोन करा, तुमच्या बाजूला जाणाऱ्या गाडीतनं आम्ही पाठवून देऊ.