काळ्या रानातलं लोह दाण्यात का उतरत नाही?

शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पिवळा पडला की सोलापूरकडे पहिला हात युरियाच्या पोत्याकडे जातो. आधी पान बघा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे उभे पट्टे दिसले तर लोह कमी पडतंय.

काळ्या मातीत लोह कमी कसं? नाहीच कमी. एकरातल्या वरच्या वीतभर थरात साधारण 9 लाख किलो माती असते. त्यात 1 टक्का लोह धरलं तरी 9 टन झालं. किलोला 30 मिलिग्रॅम धरलं तर 10 क्विंटल ज्वारीच्या दाण्यात जातं फक्त 30 ग्रॅम. अडचण साठ्याची नाही, विरघळण्याची आहे. चुनखडीमुळे इथल्या जमिनींचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप) बहुधा 8 च्या वर असतो, आणि सामू 1 ने वाढला की फेरिक लोहाची (गंजात असतं त्या रूपातल्या लोहाची) विद्राव्यता हजार पटीने घटते. गंजासारखं ते मुळाशेजारी नुसतं पडून राहतं.

गवतवर्गीय पिकांनी यावर काढलेली तोड विलक्षण आहे. लोहाची उपासमार झाली की मुळं म्युजिनिक आम्लाच्या कुळातले रेणू मातीत सोडतात. त्यांना फायटोसिडरोफोर म्हणतात. जपानमध्ये ताकागी यांनी 1976 मध्ये हा स्राव दाखवून दिला. हा रेणू फेरिक लोहाला चिमट्यासारखा धरतो आणि मुळावरची वाहक प्रथिनं ती जोडी अख्खी आत घेतात. स्राव सुटतो सूर्योदयानंतरच्या काही तासांत, एकदम भरपूर. दिवसभर थेंबथेंब सुटला असता तर मातीतल्या जिवाणूंनीच खाऊन टाकला असता. बार्ली हा रेणू सढळ सोडते, ज्वारीचा हात आखडता. म्हणून चुनखडीत ज्वारी लवकर पिवळी पडते.

हा रेणू निकोशियानामाइन या झाडातल्याच पदार्थापासून बनतो, आणि पानातलं लोह कणसाकडे नेण्यातही निकोशियानामाइनचा हात असतो. त्याच्या बांधणीला नत्र आणि गंधक दोन्ही लागतात. नत्राला उपाशी असलेल्या पिकावर नुसतं लोह फवारलं तर ते पानातच अडकतं. शिफारशीचं नत्र आधी द्या, मग फवारा.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, थेट चुनखडीत टाकू नका, त्याचा लवकरच गंज होतो. हेक्टरी 25 किलो हिराकस दहापट शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून आठवडाभर मुरवा आणि पेरणीआधी द्या. झाडाच्या बुडाशी खिळे ठोकणं किंवा गंजलेलं पाणी ओतणं म्हणजे मातीत आधीच टनावारी असलेला गंज पुन्हा घालणं. त्याने काहीही साधत नाही.

फवारणीने पिवळेपणा लवकर हटतो. दाण्यातल्या लोहाची वाढ मात्र माफक असते, जस्त याहून बरं उतरतं. ‘एका बाटलीत लोह दुप्पट’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मोठी झेप वाणातून येते. 2018 साली आलेल्या ‘परभणी शक्ती’ ज्वारीत किलोला सुमारे 45 मिलिग्रॅम लोह आहे. मंगळवेढ्याची मालदांडी हा जुना वाणच पेरणाऱ्याच्या हाती मशागत आणि फवारणी उरते.

10 लिटर पाण्यात आधी 10 ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा, मगच 50 ग्रॅम हिराकस. क्रम उलटला तर बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात विरघळणाऱ्या फेरस लोहाचं फेरिक होतं, द्रावण चहासारखं तांबूस दिसतं आणि गाळाने नोझल तुंबतं. असं द्रावण ओतून द्या. हिराकसाचे खडे हिरवट हवेत. वर पिवळट-तपकिरी भुकटी धरली असेल तर माल जुना झाला. एक फवारणी पोटरीत (कणीस पानाच्या देठात असताना), दुसरी दाणा दुधाळ असताना, ऊन उतरल्यावर. भर दुपारी मारलं तर थेंब सुकून पानावर करपल्याचे डाग पडतात.