ढेकूण की पिसू? औषध मारण्याआधी एवढं बघा

गणपतीला दोन दिवस असताना आम्ही कुडाळजवळचं घर उघडलं. मे महिन्यानंतर तिथे कुणी राहिलं नव्हतं. रात्री झोपायच्या आतच मुलांचे घोटे लाल फोडांनी भरले. शेजारच्या काकी म्हणाल्या, "मुंबयसून ढेकूण घेवन इलास!" आळ सामानावर आला. गाद्या पडवीत काढल्या, पलंगाच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं, दोन दिवस त्यात गेले. चावे मात्र तसेच. कारण ते ढेकूण नव्हतेच, पिसवा होत्या. माळ्यावर मांजर व्यायली होती.

ढेकूण आणि पिसू दोघंही रक्त पितात, दोघांच्याही चाव्याला सारखीच खाज सुटते. पण ढेकूण राहतो माणसाच्या अंथरुणाजवळ, आणि पिसू राहते जनावराच्या अंगावर. तिची अंडी, अळ्या आणि कोष जमिनीवरच्या धुळीत असतात. म्हणून एकाचा उपाय दुसऱ्यावर फुकट जातो.

दिसायला ढेकूण मसुराच्या दाण्याएवढा, तांबूस तपकिरी आणि वरून चपटा. त्याला उडी मारता येत नाही, उडताही येत नाही, तो फक्त चालतो. पिसू जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, काळपट, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी, म्हणूनच ती केसांतून सहज सरकते. चिमटीत धरायला जावं तर टुणकन उडते. चिमटीतून उडाली तर तो ढेकूण नव्हे, एवढं नक्की धरा.

चाव्याची जागाही काही सांगते. पिसवा बहुधा गुडघ्याखाली चावतात, दिवसाउजेडीसुद्धा. ढेकूण रात्री झोपेत, उघड्या मानेला, दंडाला, पाठीला चावतो, कधी ओळीने. पण नुसत्या फोडांवरून निकाल देऊ नका. प्रत्येकाच्या कातडीवर ते वेगळे उठतात, काहींना तर काहीच उठत नाही.

त्यापेक्षा पुरावा शोधा. गादीची शिवण, पलंगाचे सांधे, भिंतीवरच्या तसबिरीची मागची बाजू बॅटरी घेऊन बघा. काळे ठिपके, सोडलेल्या फिकट काती, चिकटवलेली मिलिमीटरभर पांढरी अंडी दिसली तर ढेकूण. पिसवांसाठी रात्री जमिनीवर पसरट ताटात साबणाचं पाणी ठेवा आणि वर छोटा दिवा लावा. उजेडाकडे उडतात आणि पाण्यात बुडतात. आमच्या ताटात पहिल्या सकाळी सतरा होत्या.

बंद घरात इतक्या कुठून येतात, हे समजून घेण्यासारखं आहे. पिसूची अंडी जनावराच्या अंगावरून गळतात, अळ्या फटींतल्या धुळीत वाढतात आणि मग कोष करतात. कोषातली पिसू महिनोन् महिने गप्प राहू शकते. माणसाच्या पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साईड तिला लागला की बाहेर येते. दार उघडून आत पाऊल टाकणारे आपणच तिला उठवतो.

म्हणून पिसवांवर उपाय करायचा तो जनावरावर आणि जमिनीवर. कुत्र्या-मांजराला जनावरांच्या डॉक्टरांकडून औषध लावून घ्या. कुत्र्याचं परमेथ्रीन असलेलं औषध मांजराला कधीही लावू नका, ते त्यांना विषारी ठरतं. माळा, फटी, पलंगाखालचा भाग रोज झाडा, केर लांब नेऊन जाळा, जनावर बसतं ती पोती गरम पाण्यात धुवा. कोषांवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे दोन-तीन आठवडे नवनव्या पिसवा निघत राहणार. धीर सोडू नका.

ढेकणांना उष्णता मारते. कपडे आणि चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुवा. गादीला ऊन दाखवायची आपली जुनी सवय चांगली, पण जाड गादीच्या आत पुरेशी उष्णता पोचत नाही, ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात, आणि श्रावण-भाद्रपदात ऊन कुठलं? सांध्यांत उकळतं पाणी मात्र खरंच कामाचं. पलंग भिंतीपासून ओढा आणि पायांखाली गुळगुळीत वाट्यांत साबणाचं पाणी ठेवा. अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांच्या आत हे सगळं पुन्हा करा. घरभर पसरले असतील तर जाणत्या फवारणीवाल्याला बोलवा.

एक कळकळीची विनंती. रॉकेल ओतू नका, एका ठिणगीने पलंग पेटेल. आणि धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या झोपायच्या खोलीत अजिबात ठेवू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि कोकणात ओलावा कधी कमी नसतो. असल्या उपायांनी माणसं दगावली आहेत.

आम्ही मांजर पिल्लांसकट मागच्या मांगरात नेली, माळा दोनदा झाडला, ताट रोज ठेवलं. गौरीच्या ओवशाच्या दिवशी सकाळी ताटात तीन पिसवा होत्या.