‘झेपेल तेवढंच ओझं’ हे बायबलचं वचन नाही

“देव झेपेल तेवढंच ओझं देतो” हे वाक्य आजाऱ्याच्या उशाशी, मयताच्या घरी हमखास ऐकू येतं. बायबलमध्ये ते नाही. आधार सांगितला जातो प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा, म्हणजे १ करिंथ १०:१३ चा. पण तिथे विषय मोहाचा आहे, दुःखाच्या वजनाचा नाही. उलट तोच पौल २ करिंथ १:८ मध्ये लिहितो, की आशियात (त्या नावाच्या रोमी प्रांतात) आमच्यावर शक्तीपलीकडचा भार आला, जगण्याचीही आशा सुटली.

या वाक्यापायी कोलमडलेला माणूस स्वतःच्या विश्वासातच खोट शोधू लागतो, याचं फार वाईट वाटतं. एलिया या संदेष्ट्याने रानात झुडपाखाली मरण मागितलं, तेव्हा देवदूत रागावला नाही. “ऊठ, खा,” एवढंच म्हणाला. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती, पाणी होतं. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, त्याने तर देवाला सरळ सांगितलं, हे लोक मला एकट्याला पेलवत नाहीत. देवाने लोकांतले ७० वडीलधारे सोबतीला दिले.