ख्रिस्ती अतिथिप्रेम: घरातून धर्मशाळेत आणि पुन्हा घरी

भर दुपारी मम्रेच्या राईत तंबूच्या दारात बसलेल्या अब्राहामाला तीन वाटसरू दिसले आणि तो धावतच त्यांना सामोरा गेला. पाय धुवायला पाणी, ताज्या भाकरी, कोवळं वासरू, दही-दूध असं सगळं पुढे आलं. तुम्ही कोण, कुठले, हे त्याने आधी विचारलं नाही. ख्रिस्ती पाहुणचाराचं मूळ शोधताना बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायापर्यंत मागे जावं लागतं ते यासाठी. पुढे मोशेच्या नियमशास्त्रात या वागण्याला कायद्याचं रूप आलं. तुमच्या देशात राहणाऱ्या परक्याला छळू नका, त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा, असं बायबलच्या ‘लेवीय’ या पुस्तकाचा 19 वा अध्याय सांगतो, आणि लगेच कारणही देतो: तुम्हीही मिसर देशात परके होता. हे कारण मला फार मोलाचं वाटतं. परक्याची कीव करायला इथे कुणी सांगत नाही, स्वतःचा भूतकाळ आठवायला सांगितलं आहे. त्याच अध्यायात शेताच्या कडेचं पीक आणि पडलेली कणसं गरिबांसाठी व परक्यांसाठी राखून ठेवली आहेत. मवाबी रूथ बवाजाच्या शेतात याच हक्काने वेचत होती. ती पुढे दावीद राजाची पणजी झाली, आणि मत्तयाने येशूच्या वंशावळीत तिचं नाव लिहिलं.

येशूने यात दोन गोष्टी घातल्या. पहिली परतफेडीची. ग्रीक-रोमन जगात पाहुणचार बहुतेक बरोबरीच्यांत चाले. आज मी तुझं केलं, उद्या तू माझं करशील. लूक 14 मध्ये येशू म्हणतो, मेजवानी करशील तेव्हा मित्र, नातलग, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस. गरीब, लुळे, पांगळे, आंधळे यांना बोलाव, कारण ते फेड करू शकत नाहीत. दुसरी गोष्ट मत्तय 25 ची: ‘मी परका होतो तेव्हा मला घरात घेतले.’ अब्राहामाच्या दारी देव नकळत आला होता, आता प्रत्येक परक्याच्या रूपाने प्रभूच दारात उभा आहे असं ठरलं. आणि हे सांगणारा स्वतः जन्मभर दुसऱ्यांच्या घरी जेवला, जक्कयाच्या घरी, मार्थेच्या घरी.

पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांना स्वतःच्या इमारती नव्हत्या. उपासना घरात, प्रभुभोजन घरात, मुक्काम घरात. फिलिप्पैत जांभळ्या कापडाचा व्यापार करणाऱ्या लुदियेने प्रेषित पौलाला व त्याच्या सोबत्यांना आग्रहाने घरी नेलं. क्लौद्य बादशहाच्या हुकुमाने रोम सोडावं लागलेल्या अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांनी करिंथात पौलाला आपल्यापाशी ठेवून घेतलं; स्वतः परागंदा झालेलं जोडपं यजमान झालं. मंडळीचा अध्यक्ष अतिथिप्रिय असावा, ही पात्रतेची अट तीमथ्याच्या पहिल्या पत्रात आहे. हे सगळं सोपं मात्र नव्हतं. पेत्राला ‘कुरकुर न करता’ पाहुणचार करा असं लिहावं लागलं, म्हणजे कुरकुर होत असणारच. योहानाच्या तिसऱ्या पत्रातला दियत्रफेस आलेल्या बंधूंना स्वतः घेत नाही, आणि घेणाऱ्यांना मंडळीबाहेर काढतो.

फसवणूकही होई. ‘डिडाखे’ नावाची अगदी प्राचीन ख्रिस्ती नियमावली याबाबत स्पष्ट आहे. वाटसरूला शक्य ती मदत करा, पण त्याने दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त राहू नये. कायमचं राहायचं असेल तर काम करून खावं. फिरता उपदेशक निघताना पैसे मागू लागला तर तो खोटा संदेष्टा समजावा. मनाचा मोठेपणा आणि व्यवहाराचं भान असं शेजारी शेजारी बसलेलं पाहून बरं वाटतं.

चौथ्या शतकात चित्र पालटलं. छळ थांबला, मंडळीकडे पैसा आणि जमीन आली. 369 च्या सुमारास कप्पदुकियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एका प्रांतात, दुष्काळ पडला. तिथल्या कैसरिया शहराचा बेसिल पुढे बिशप झाला आणि त्याने शहराबाहेर प्रवासी, गरीब, आजारी, कुष्ठरोगी यांच्यासाठी इतकी मोठी वस्ती उभारली की त्याचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी तिला ‘नवं शहर’ म्हणाला. त्याच्या थोडं आधी, 362 च्या सुमारास, ख्रिस्ती धर्म सोडलेल्या ज्युलियन बादशहाने गलतियातल्या आपल्या मुख्य पुजाऱ्याला गावोगावी धर्मशाळा काढायला लिहिलं होतं. हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणे) स्वतःच्याच काय, आमच्याही गरिबांना पोसतात, ही त्याची खंत होती. विरोधकाच्या तोंडची ही साक्ष म्हणूनच वजनदार आहे.

पण धर्मशाळा उभ्या राहिल्या तशी घरं या जबाबदारीतून मोकळी झाली. कॉन्स्टँटिनोपलमध्ये सन 400 च्या सुमारास बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकावर प्रवचनं देताना तिथला बिशप योहान ख्रिसोस्तोम या दुखण्यावर नेमकं बोट ठेवतो. लोक म्हणत, परक्यांसाठी मंडळीचा निधी आहे की. तो विचारतो, दुसरा प्रार्थना करतो म्हणून तू करायची नाहीस का? तुझ्या घरात एक खोली राख. तिथे पलंग, मेज, दिवा ठेव. ती ख्रिस्ताची खोली असू दे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वळण हेच. संस्था हव्यातच, बेसिलशिवाय कितीतरी माणसं उघड्यावर मेली असती. पण संस्थेतल्या माणसाला जेवण मिळतं, ओळख मिळेलच असं नाही.

सहाव्या शतकात इटलीतल्या बेनेडिक्ट या संन्याशाने मठाच्या नियमात दोन्ही सांधायचा प्रयत्न केला. येणाऱ्या प्रत्येकाचं ख्रिस्ताप्रमाणे स्वागत करावं, मठाधिपतीने त्याच्या हातावर पाणी घालावं, सर्वांनी मिळून त्याचे पाय धुवावेत. गरीब आणि यात्रेकरूंकडे अधिक लक्ष द्यावं, श्रीमंतांना मान मिळतोच. अकराव्या शतकात आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, जवळजवळ 2,500 मीटर उंचीवर, याच परंपरेतून प्रवाशांचं आश्रयस्थान उभं राहिलं.

विसाव्या शतकात ही गोष्ट पुन्हा घराकडे वळली. 1933 मध्ये न्यूयॉर्कमध्ये डोरोथी डे आणि पीटर मॉरिन यांनी कॅथलिक वर्कर चळवळ सुरू केली. तिच्या आतिथ्यगृहांत बेघर आणि स्वयंसेवक एकाच टेबलाशी जेवत. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या ल शाँबों-सूर-लिन्यों गावाने, पाळक आंद्रे त्रोक्मे यांच्या प्रेरणेने, ज्यू निर्वासितांना घरांत आणि शेतांवर लपवलं. तिथले बहुतेक लोक छळ सोसलेल्या ह्यूगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंटांचे वंशज होते. लेवीयमधलं जुनं कारण तिथे जिवंत होतं.

आज बहुतेक चर्चमध्ये दारात हात मिळवून स्वागत होतं आणि नवखा माणूस एकटाच घरी जाऊन जेवतो. बदलीवर आलेलं कुटुंब, दुसरी भाषा बोलणारा मजूर, वसतिगृहातली विद्यार्थिनी, आश्रय मागणारा निर्वासित, अशा माणसांसाठी रविवारच्या जेवणाला एक ताट जास्त वाढणं बहुतेक घरांना जमण्यासारखं असतं. जागा लहान असेल तर मुक्कामाची मर्यादा आधीच सांगावी, डिडाखेनेही ती सांगितली होती. मदत लागत असेल तर मंडळीच्या निधीतून ती अवश्य व्हावी, पण जेवायला बोलवायचं काम निधीवर सोपवू नये.